थंड मुलखात मोटारसायकलचा हंगाम खरा किती महिन्यांचा? मुलाला काय सांगू?

अजिंक्यतारा_पायथा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी.
मुलगा दीड वर्षापासून म्युनिकला नोकरीला आहे. परवा त्याचा फोन आला. "बाबा, इथं एक जुनी गाडी चांगल्या भावात मिळतेय. घेऊ का? पण ऑफिसातले म्हणतात वर्षातले सहा-सात महिनेच चालवता येते, बाकी वेळ झाकून ठेवायची."

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं माझी बुलेट बारमाही रस्त्यावर आहे. सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी, बामणोली, सगळीकडे फिरलीय. गाडीला हंगाम असतो हे कधी मनातच आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर विचार केला तेव्हा वाटलं, हंगाम आपल्याकडंही आहे की! जुलैत कासच्या रस्त्याला मी कामानं जातो, हौसेनं नाही. खंडेनवमीला गाडी धुऊन, हार घालून, पूजा करून बाहेर काढली की ती जी सुटते ती होळीपर्यंत.

पण आपला हंगाम पावसानं मिटतो, थंडीनं नाही. पौषात पहाटे पाचला पसरणी घाट चढलोय. वेण्णा लेकच्या कडेला गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं पाहिलंय. बोटं बधिर झाली, डोळ्यांतून पाणी आलं, पण गाडी चाललीच. मग केवळ थंडी आहे म्हणून पाच-सहा महिने गाडी आत का ठेवायची? तिकडं राहिलेल्यांनी, थंडीत चालवलेल्यांनी सांगा. हंगाम खरा किती, आणि तेवढ्यासाठी गाडी घ्यावी का?

वाई_गणपती_घाट
चांगला धागा. भाचा पोलंडला आहे, त्यालाही हाच प्रश्न पडलाय. वाचतोय.

मिरज_ते_स्टुटगार्ट
काका, मी मूळचा मिरजेचा. नऊ वर्षं इकडं आहे, त्यातली सहा गाडी बाळगून. तुमच्या मुलाचे सहकारी बरोबर सांगतायत.

जर्मनीत हंगाम चक्क नंबरप्लेटवर छापता येतो. १९९७ पासून ही सोय आहे. प्लेटच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक असतात. माझ्या प्लेटवर वर ०४ आणि खाली १० आहे, म्हणजे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. कमीत कमी दोन महिने, जास्तीत जास्त अकरा. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. पण एक नोव्हेंबरला ती गाडी चालवणं तर सोडाच, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला नुसती उभी केली तरी गुन्हा. त्यामुळे गाडी घेण्याआधी ती ठेवायला स्वतःची जागा आहे का ते मुलाला विचारा. म्युनिकात घरभाड्याच्या खालोखाल गॅरेजच्या भाड्याचा विचार करावा लागतो.

आता थंडीबद्दल. तुम्ही पसरणी चढलात तो रस्ता कोरडा होता, काका. गवतावरचं दव गोठलं, डांबरावरचं नाही. इथं डांबरावरचं गोठतं. पुलावर, झाडांच्या सावलीत, नदीकाठच्या वळणावर बर्फाचा इतका पातळ थर बसतो की रस्ता नुसता ओला दिसतो. चारचाकी घसरली तर बंपर जातो. दोन चाकांवर सावरायची संधीच मिळत नाही.

शिवाय तो बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. साखळी, स्पोक, नटबोल्ट, सायलेन्सर, जे लोखंड उघडं सापडेल ते मीठ खातं. फेब्रुवारीत एखादा दिवस कोवळं ऊन पडतं, गाडी काढायचा मोह होतो, आणि रस्ता मात्र मिठानं पांढरा असतो. दोन-चार चांगले पाऊस होऊन तो धुतला गेला की मी गाडी काढतो. पारा किती आहे हे मी त्यानंतर बघतो.

जावळीची_शिक्षिका
थोडं वेगळं बोलते, राग मानू नये.

मी मेढ्याहून केळघर घाटातल्या शाळेत अकरा वर्षं स्कूटरनं जाते. जून ते सप्टेंबर हाताच्या अंतरावरचं दिसत नाही इतकं धुकं. रस्त्याच्या कडेला शेवाळ, मध्ये दरडीचा लाल चिखल. हेडलाइट लावून, हॉर्न वाजवत, पंधरा-वीसच्या वेगानं जायचं. माझ्या मागून दूधवाला येतो, त्याच्या गाडीला दोन्ही बाजूंनी किटल्या. आम्हाला कुणी विचारलं नाही की तुमचा हंगाम कधी संपतो. गाडी बंद ठेवायची ज्यांना सोय आहे, 'हंगाम' हा शब्द त्यांचा आहे.

म्हणून मुलाला आधी एवढंच विचारा, गाडी कामासाठी हवी की आनंदासाठी? ऑफिसला जायला तिथं रेल्वे-ट्राम असेल, तर गाडी आनंदासाठीच झाली. मग महिने मोजण्यात अर्थ नाही. शनिवार-रविवार किती कोरडे मिळतील तेवढं बघायचं.

अजिंक्यतारा_पायथा
ताई, राग कसला. तुमचं वाचून गप्प झालो. केळघरच्या पावसाबद्दल बोलायचा अधिकार तुमचा आहे. मुलगा ऑफिसला भुयारी रेल्वेनं जातो. गाडी आनंदासाठीच हवी आहे त्याला. लहानपणापासून टाकीवर बसून माझ्याबरोबर फिरलाय.

मिरजकर, सावलीत डांबरावर बर्फ धरतो हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे थंडीपेक्षा रस्ता महत्त्वाचा.

अपशिंग्याचा_फौजी
सुभेदार म्हणून निवृत्त. दोन वेळा लडाखात होतो, त्यात एक पूर्ण हिवाळा. मोटारसायकलनं तिकडं जाणाऱ्या पोरांना रस्त्यावर मदत केलेली आहे, म्हणून लिहितो.

आपल्या देशात थंडीनं ठरणारा हंगाम बघायचा तर मनाली–लेह रस्ता बघा. साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतो, ऑक्टोबरात मिटायला लागतो. चार-साडेचार महिने, संपलं. सीमा सडक संघटनेची माणसं बर्फाच्या दुमजली भिंती कापून तो रस्ता काढतात. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, ९.०२ किलोमीटरचा. त्यामुळे रोहतांग खिंड टळली आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्यातली माणसं हिवाळ्यातही मनालीला उतरू शकतात. पण पुढं बारालाचा आणि तांगलांग ला या खिंडी आहेत, त्या तशाच बंद होतात. बोगद्यानं लेहचा हंगाम बारमाही झाला असं समजून पोरं नोव्हेंबरात निघतात आणि अडकतात.

आणि हंगामातही दिवसाचे तास असतात. सकाळी आठच्या आत उत्तरेकडच्या वळणावर काचेसारखा बर्फ असतो, त्यामुळं निघायची घाई नको. दुपारी दोननंतर वरचा बर्फ वितळून नाले फुगतात, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी सायलेन्सरपर्यंत चढतं. म्हणजे ऊन रस्त्यावर आल्यापासून नाला फुगेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच आपला.

बोटं बधिर झाली तरी गाडी चाललीच, असं तुम्ही लिहिलंय. साहेब, ते अभिमानानं सांगू नका मुलाला. बधिर बोटानं क्लच सुटतो, पण ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. मी एक जवान असाच गमावता गमावता राहिलो.

कोरेगाव_रोड_४११
सुभेदार साहेबांना सलाम. खारदुंग ला जगातला सर्वात उंच गाडीरस्ता, १८,३८० फूट, तिथंपर्यंत मीही २०१४ ला जाऊन आलो.

अपशिंग्याचा_फौजी
अभिनंदन. फलकावर १८,३८० लिहिलंय खरं, पण मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. आणि आता उमलिंग ला तिच्या पुष्कळ वर आहे, १९,०२४ फूट. खारदुंग ला चढलात याची किंमत त्यानं कमी होत नाही.

शाहूपुरीचे_सर
बोटांचा विषय निघाला म्हणून हिशेब मांडतो. भौतिकशास्त्र शिकवतो.

कॅनडा-अमेरिकेत वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचं एक सूत्र २००१ पासून वापरतात. त्यात आकडे घातले तर हवा १० अंश सेल्सिअस आणि वेग ताशी ६० किलोमीटर असताना उघड्या कातडीला सुमारे ५ अंशांसारखं लागतं. हवा ० अंश आणि वेग ८० असेल तर उणे १०. महाबळेश्वरच्या पहाटे आपण घाटात तीस-चाळीसनं जातो आणि तासाभरात ऊन येतं. म्युनिकच्या महामार्गावर शंभरनं तासभर जाणं ही निराळी गोष्ट.

दुसरं म्हणजे दिवस किती मोठा. सातारा साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर, म्युनिक अठ्ठेचाळीसवर. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जवळजवळ अकरा तासांचा, तिथं साडेआठही नाही. म्युनिकची उंची सव्वापाचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याच्या अडीचपट उंच. तरी थंड म्युनिकच, कारण अक्षांश. मुलगा ऑफिसातून सुटेल तेव्हा अंधार पडून तास झालेला असेल.

हळद_पेठ_सांगली
सर, तासांचा हिशेब एक नंबर. नाद खुळा.

पण अंधाराचं निघालंच आहे तर आमच्या भागातलं सांगतो. खंडेनवमीला तुमची बुलेट सुटते, त्याच सुमाराला आमच्याकडं उसाचा गळीत हंगाम सुटतो. दिवाळीपासून मार्चपर्यंत रात्री सांगली–इस्लामपूर, तासगाव, पलूस कुठंही जा, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागं लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही, ऊस दोन फूट बाहेर आलेला. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्या आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल. आमच्या गल्लीतला सव्वीस वर्षांचा पोरगा मागच्या वर्षी अशाच उभ्या ट्रॉलीला धडकून गेला. हवा अगदी सुंदर होती, गुलाबी थंडी, कोरडा रस्ता. कॅलेंडरात बघितलं तर भर हंगाम.

म्हणून मी नोव्हेंबर ते मार्च सूर्य मावळल्यावर गाडी काढत नाही. माझा हंगाम असा आहे.

जावळीची_शिक्षिका
फार वाईट झालं. आमच्या शाळेत मुलांनी कागदावर चमकपट्टी चिकटवून गावातल्या बैलगाड्यांना लावली होती. पाचवी-सहावीची मुलं. ट्रॉलीलाही तेवढंच पुरतं, कुणी तरी लावलं पाहिजे.

हळद_पेठ_सांगली
ताई, हे आवडलं. तासगावच्या मित्रांना सांगतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग लागते तिथं उभं राहून लावता येईल.

खटाव_ते_कॅलगरी
उशिरा वाचलं. पाच वर्षं कॅनडात, कॅलगरीत आहे.

स्टुटगार्टवाल्या मित्राचा हंगाम ऐकून हेवा वाटला. इथं मी एप्रिलच्या शेवटी काढतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला ठेवतो. त्यातही मे आणि सप्टेंबरात बर्फ पडलेला पाहिलाय. उलट जानेवारीत चिनूक नावाचा कोरडा गरम वारा रॉकी पर्वतावरून उतरतो, काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो, छपरावरून पाणी गळायला लागतं. पहिल्या वर्षी मी अशा दिवशी गाडी काढायला निघालो होतो. शेजारच्या आजोबांनी हाताला धरून रस्ता दाखवला. दिवसा वितळलेलं सगळं पाणी संध्याकाळी परत गोठणार होतं.

धाग्यात न आलेली एक गोष्ट. वसंतात बर्फ गेला तरी हिवाळ्यात टाकलेली बारीक खडी रस्त्यावर उरते. वळणावर, चौकात, नेमकी जिथं गाडी कलते तिथंच. रस्ते झाडून होईपर्यंत मी थांबतो. आणि चारचाकीचे चालकही सवय मोडलेले असतात. सहा महिने ज्यांना मोटारसायकल दिसलेली नाही, त्यांच्या नजरेत ती पहिले काही आठवडे भरतच नाही.

पण याच देशात व्हँकूव्हरचा माझा मित्र जानेवारीतही चालवतो. तिथं समुद्रामुळं थंडी सौम्य, पाऊस मात्र आपल्या कोकणासारखा चिकट. म्हणून 'थंड देशातला हंगाम' असा एकच आकडा नाही.

सदरबझार_२२
एवढ्या थंडीत महिनोन् महिने बंद ठेवलेली गाडी परत चालू होते का? दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर चालेल ना? आमच्याकडं पावसाळ्यात वडील तसंच करतात.

गॅरेज_पोवई_नाका
नको, असं करू नका. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो.

पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन कडक तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं, नाही तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं. चार महिने रविवारी रविवारी असं केलं की सायलेन्सर आतून कुजतो आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय धरते. शिवाय एका स्टार्टला बॅटरीतून जेवढं जातं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही. चालवायची असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. नाही तर हातच लावू नका.

ठेवायची कशी ते सांगतो. ठेवण्याआधी ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये आम्ल झालेलं असतं, ते बेअरिंगवर महिनोन् महिने बसू द्यायचं नाही. टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि पत्रा आतून गंजतो. पेट्रोल टिकवायचं औषध मिळतं, ते घालून दहा मिनिटं चालवा म्हणजे ते पुढंपर्यंत पोचतं. कार्बोरेटरची गाडी असेल तर वाटी रिकामी करा, पेट्रोलमधलं इथेनॉल ओल ओढतं आणि जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात. साखळी धुऊन ग्रीस. टायरमध्ये हवा थोडी जास्त, डबल स्टँडवर. सायलेन्सरच्या तोंडात फडकं, उंदीर घर करतात. पण त्या फडक्याला लाल चिठ्ठी बांधा, काढायचं विसरतं माणूस.

बॅटरी काढून घरात. ही सगळ्यात मोठी गोष्ट. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत नुसतं पाणीच उरल्यासारखं असतं, ती उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते. महिन्यातून एकदा चार्ज करायची.

महाबळेश्वरची काही गिऱ्हाइकं जूनमध्ये माझ्याकडं गाडी आणून ठेवतात, दसऱ्याला नेतात. वर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, कोट खुंटीवर ठेवला तर बुरशी येते, तिथं साखळीचं काय होणार. म्हणजे म्युनिकचं जे नोव्हेंबरात करायचं ते मी इथं मृगाच्या आधी करतो. काम तेच.

वाई_गणपती_घाट
हा प्रतिसाद छापून भिंतीला लावतो.

मिरज_ते_स्टुटगार्ट
पोवई नाक्यावरच्या दादांनी सगळं लिहिलंय. आता मूळ प्रश्नाकडं येतो, घ्यावी की नाही.

काका, घ्यावी. पण घाईनं नाही.

एक म्हणजे लायसन. भारतीय परवाना इथं राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. मुलाला दीड वर्ष झालं. त्यामुळे त्याला इथली लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील. चोवीस वर्षं पूर्ण असतील तर थेट मोठ्या गाडीचा वर्ग मिळतो. हिवाळा लेखी परीक्षेला चांगला.

दुसरं, भाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लोक गाड्या विकतात, कारण पाच महिने ठेवायची कुठं हा त्यांचाही प्रश्न असतो. मार्चमध्ये पहिलं ऊन पडलं की तीच गाडी महाग. जागा असेल तर आत्ता घेऊन ठेवणं फायद्याचं, नसेल तर थांबणं.

तिसरं, प्लेटवरचे महिने. सहापेक्षा कमी घेऊ नका, नाही तर अपघाताविना गेलेलं वर्ष विम्याच्या सवलतीत धरत नाहीत. मी ०४-१० घेतली आणि दर वर्षी मार्चमधले दोन-तीन सुरेख शनिवार खिडकीतून बघतो. मुलाला ०३ सांगा. मार्च निम्मा वाया गेला तरी एका महिन्याचे पैसे फार नसतात.

आणि एवढ्यासाठी घ्यावी का, याचं उत्तर म्युनिकच्या दक्षिणेला आहे. आल्प्स. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता १९३५ सालचा, अडीच हजार मीटरवरून जातो. मेच्या सुरुवातीला उघडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद. जूनमध्ये पहाटे पाचला उजाडलेलं असतं, रात्री नऊपर्यंत प्रकाश. एका दिवसात सोळा तास. डिसेंबरात जे तास जातात ते सगळे तिथं परत मिळतात. मी पहिल्यांदा वर पोचलो, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मध्ये कोरडा रस्ता. हेल्मेट काढून नुसता उभा होतो. आईला फोन लावला, तर बोलताच येईना.

अपशिंग्याचा_फौजी
मार्चमध्ये चालवणार असेल तर हातमोजे दोन घ्यायला सांगा. आत पातळ रेशमी किंवा लोकरीचा, वर वाऱ्याला अडवणारा. आणि दर चाळीस मिनिटांनी थांबून बोटं काखेत. त्याला सांगा सुभेदारांनी सांगितलंय.

अजिंक्यतारा_पायथा
मंडळी, काल रात्री मुलाशी तासभर बोललो. धागा पूर्ण वाचून दाखवला.

त्याच्या इमारतीखाली तळघरात जागा आहे, भाड्यानं मिळते. पण गाडी आत्ता घ्यायची नाही असं ठरलं. नोव्हेंबरपासून लायसनचा वर्ग. परीक्षा झाली की फेब्रुवारीत गाडी बघायची, प्लेट ०३ ते १०. मधले चार महिने त्याला गाडीशिवाय काढायचे होते, तर त्यानंच सुचवलं. नाताळच्या सुट्टीत तो सोळा दिवस साताऱ्याला येतोय. आपला हंगाम तेव्हा भरात असतो. दोघांनी बुलेटवर मेढा, केळघरमार्गे महाबळेश्वर, परत पसरणीनं वाई. सकाळी ऊन रस्त्यावर आल्यावर निघणार आणि दिवस असेपर्यंत घरी. बोटं बधिर होईपर्यंत कोणीच चालवणार नाही.

सुभेदार, तुमचं वाक्य त्याला शब्दशः सांगितलं. "हो काका" म्हणाला.

जावळीची_शिक्षिका
दादा, मेढ्यात आधी कळवून या. चहा माझ्याकडं. केळघरच्या वरच्या दोन वळणांवर यंदाच्या पावसानं साइडपट्टी वाहून गेलीय, उतरणाऱ्या एसटीला जागा देताना फार कडेला घेऊ नका.

मिरज_ते_स्टुटगार्ट
मस्त बेत. माझे अजून तीन आठवडे शिल्लक आहेत. या रविवारी ब्लॅक फॉरेस्टला जाऊन येतो. ओल्या पानांचा थर पडायला लागलाय, त्यामुळे बहुतेक शेवटचाच. खंडेनवमीला तळघरात जाऊन गाडीला हळदकुंकू लावेन.

गॅरेज_पोवई_नाका
बुलेट खंडेनवमीच्या आधी आणून टाका. क्लच केबल बघतो, मागचा टायर मागच्या खेपेलाच गुळगुळीत झाला होता, आणि दोघं बसणार म्हणजे मागचे शॉक वर घ्यायला लागतील. बुधवारी सकाळी गर्दी कमी असते.

अजिंक्यतारा_पायथा
बुधवारी दहाला येतो.